पाडाव तोफा व मोडके रणगाडे : लोंगेवाला येथील मोजदादीची छाननी

लढाईचें वर्णन आणि लढाई आटोपल्यावर रणांगणांत काय उरलें याची याद हे दोन निरनिराळे कागद होत. आपल्या इतिहासलेखनांत पहिल्याचा जितका परामर्श घेतला गेला तितका दुसऱ्याचा घेतला गेलेला नाहीं. वर्णन करणारा बहुधा जिंकलेल्या अथवा हरलेल्या पक्षाचा असतो आणि त्याच्या लेखणीस हर्षविषादाचा रंग चढलेला असतो. याद करणारा कारकून मात्र तोफा किती, हत्ती किती, पैकीं कामाचे किती व मोडके किती, एवढेंच लिहितो, असा आपला समज असतो. हा समज कितपत खरा, हें पाहण्याकरितां प्रस्तुत लेखांत आम्हीं मुद्दाम अलीकडचें उदाहरण घेतलें आहे. डिसेंबर १९७१ मध्यें राजस्थानच्या वाळवंटांत लोंगेवाला येथें मोडून अगर सोडून दिलेले जे पाकिस्तानी रणगाडे आढळले, त्यांची मोजदाद व त्यांचीं छायाचित्रें हा आमचा विषय आहे. जुनीं दफ्तरें चाळणाऱ्या वाचकांस तो परका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तो कागद आतां संशोधकाच्याच हातीं यावयाचा; आणि या मोजदादीवरून जो वाद माजला तो बखर व अस्सल पत्र यांच्यांतील वादाहून प्रकारानें भिन्न नाहीं.

लोह्यासारख्या ठिकाणीं बसून वाळवंटांतील लढाईविषयीं लिहावें, यालाही कारण आहे. लोहा हें गांव पूर्वी कंधार तालुक्यांतच मोडत असे, आणि कंधारच्या किल्ल्यावरच आमच्या विषयाचा एक जुना मासला सांपडतो. हा किल्ला १६३१ सालीं शहाजहानचा सरदार नसीरीखान यानें घेतला. त्या वेढ्याचें एक चित्र इंग्लंडांत विंडसर येथील राजसंग्रहांतल्या पादशाहनाम्याच्या हस्तलिखितांत आहे; तें पयाग नांवाच्या चित्रकाराचें समजलें जातें. फारशी तवारिखांत आमचें कंधार व अफगाणिस्तानांतील कंदाहार हीं दोन्ही नांवें एकाच तऱ्हेनें लिहिलेलीं असल्यामुळें, केवळ नांवावरून चालणारा वाचक हें चित्र खुशाल हिंदुकुशापलीकडे नेऊन ठेवील. परंतु अफगाणी कंदाहार शहाजहानच्या हातीं १६३८ सालीं आलें, आणि १६३१ चा वेढा हा दख्खनचाच. तर मग कंधारच्या रणांगणाचा हा पुरावा समजावयाचा काय? आमच्या मतें, फार जपून. तें चित्र दरबारी इतिहासाचें अंग आहे. पादशहाचा विजय दाखविणें हाच त्याचा हेतु. त्यावरून किल्ल्यांत तोफा किती होत्या हें काढूं पाहणारा फसल्याशिवाय राहणार नाहीं. मात्र वेढ्याची स्मृति सरकारी इतिहासांत कशी जतन व्हावी असें दरबारास वाटत होतें, हें त्यावरून उत्तम कळतें.

याच टापूंत पुढें सव्वाशें वर्षांनीं दुसरा प्रसंग घडला. नोव्हेंबर १७५९ मध्यें अहमदनगरचा किल्ला कवीजंगाकडून पेशव्यांच्या हातीं आला. त्यावरून निजामाशीं जें युद्ध जुंपलें त्याचा निकाल फेब्रुवारी १७६० च्या आरंभीं उदगीर व औसा यांच्या दरम्यान लागला. साठ लक्षांचा मुलूख व दौलताबाद, अशीरगड यांसारखे किल्ले पेशव्यांस मिळाले. या मोहिमेचे कागद कै. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तराच्या अगदीं पहिल्या भागांत, १९३० सालीं, छापून काढले, ही गोष्ट वाचकांस विदित आहेच. त्यांतील पत्रें मोहीम चालू असतांना, तळावरून लिहिलीं गेलेलीं. त्यांचें मोल तेवढ्याकरितांच आहे. जें पत्र लढाईच्या आठ दिवसांच्या आंत निघालें त्यांत चूक असली तरी ती त्या आठवड्याची चूक असते. मागाहून बसविलेली नसते.

उदगीरच्या मोहिमेंत पेशव्यांच्या बाजूस असलेला इब्राहिमखान गारदी आपल्या तोफांसह पुढील वर्षीं पानिपतावर होता. तेथें मैदान अब्दालीच्या हातीं राहिलें. हरलेल्या पक्षाला मोजदाद करतां येत नाहीं, हा या शास्त्राचा पहिला नियम म्हटला पाहिजे. कारण मोजण्यासाठीं रणांगणांत दुसऱ्या दिवशीं उभें राहावें लागतें. मराठ्यांचें सुदैव एवढेंच कीं, शुजाउद्दौल्याच्या पदरीं काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण होता. तो लढाईनंतर रणांगणांत फिरला. प्रेतांचे बत्तीस ढीग व त्यांतील एकूण सुमारें अठ्ठावीस हजार मृत, असा आंकडा त्यानें नमूद केला आहे. हा वृत्तांत फारशींत असून त्याचें इंग्रजी भाषांतर जेम्स ब्राउन यानें केलें व तें एशियाटिक रिसर्चेसच्या तिसऱ्या भागांत छापलें. काशीराज प्रत्यक्षदर्शी खरा. पण त्यानें लिहिलें तें सुमारें १७८० सालीं, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ दोन तपांनीं. बत्तीस ढिगांची आठवण राहणें शक्य आहे. अठ्ठावीस हजारांची बेरीज मात्र आठवणीची नव्हे, ती हिशेबाची. आणि हिशेबाचा कागद त्याच्यापाशीं होता कीं नाहीं, यावर त्या बेरजेचें वजन अवलंबून आहे.

कंधार, उदगीर व पानिपत यांचा हा उल्लेख विषयांतर म्हणून केलेला नाहीं. लोंगेवालाच्या बाबतींत याच तीन प्रकारचे कागद आपल्यापुढें येतात : सरकारास हवें तें दाखविणारें चित्र, तळावरून तत्काळ निघालेलें पत्र, आणि प्रत्यक्षदर्शीनें बऱ्याच वर्षांनीं सांगितलेली हकीकत.

ज्यांनीं हीं चित्रें घेतलीं व वृत्तांत लिहिले त्यांच्या धंद्याचाही वंश जुनाच आहे. पूर्वी प्रत्येक मोठ्या दरबारांत अखबारनवीस असत व ते आपल्या धन्यास परदरबारची बातमी लिहीत. इंग्रजी अमलांत १९०९ सालीं हिंदी फौजेकरितां पत्र निघालें तेव्हां त्याला नांव दिलें तें ‘फौजी अखबार’ असेंच. १९५४ पासून तें ‘सैनिक समाचार’ या नांवानें संरक्षण मंत्रालयाकडून निघूं लागलें. त्याची मराठी आवृत्तिही निघत आली आहे. लष्करी वार्ताहर व छायाचित्रकार हे या अखबारनविसांचेच वारस. अखबारनवीस धन्याला शत्रूची खबर देई. हा लोकांना आपल्याच फौजेची खबर देतो, एवढा भेद आहे. मीठ मात्र दोघांनीं ज्याच्या त्याच्या सरकारचेंच खाल्लेलें असतें, हें वाचतांना विसरूं नये. त्याबरोबर हेंही विसरूं नये कीं, ज्या जागीं इतर कोणास जाऊं दिलें जात नाहीं तेथें हाच माणूस पोंचतो, आणि तोही वारा खुणा पुसून टाकण्याच्या आंत.

आतां प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळूं. राजस्थानच्या सीमेवरील १९७१ ची लढाई ज्या दक्षिण कमानच्या हुकमतीखालीं झाली तिचें मुख्य ठाणें पुणें येथें होतें व आजही आहे. त्या वेळीं तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे होते. तेच पुढें १९७३ सालीं सरसेनापति झाले. म्हणजे जेसलमेरच्या वाळूंतील लढाईचे कागद पुण्याच्या दफ्तरांतून गेलेले आहेत. मराठी संशोधकास हा विषय जवळचा वाटावा याचें हें दुसरें कारण.

लोंगेवाला हें सीमेजवळचें एक लहान ठाणें. तेथें २३ पंजाब पलटणीची एक कंपनी, सुमारें एकशेंवीस माणसें, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं होती. ४ डिसेंबरच्या रात्रीं पाकिस्तानची एक ब्रिगेड, २२ कॅव्हलरीचे टी-५९ व ३८ कॅव्हलरीचे शर्मन रणगाडे बरोबर घेऊन, सरहद्द ओलांडून आली. रामगड व तेथून जेसलमेर गांठावें असा तिचा बेत. रणगाड्यांची संख्या बहुतेक लेखक पंचेचाळीसच्या आसपास देतात. कंपनीजवळ रणगाड्यांविरुद्ध मुख्य हत्यार म्हणजे जीपगाडीवर बसविलेली १०६ मिलिमीटरची धक्कारहित तोफ. रणगाड्यांच्या पाठीवर जादा इंधनाचीं पिंपें बांधलेलीं होतीं. तीं पेटलीं कीं आसपासचा मुलूख उजळून निघे. ठाण्याभोंवतीं तारेचें कुंपण होतें, आणि त्यापुढें सुरुंग पेरलेले असतील या भीतीनें हल्ला बराच वेळ अडून राहिला. जेसलमेरच्या विमानतळावर हंटर विमानें होतीं, परंतु तीं रात्रीं लढण्याजोगीं नव्हतीं. म्हणून ठाण्यावरील माणसांना पहांटेपर्यंत टिकून राहणें भाग होतें, आणि तीं टिकलीं.

५ डिसेंबरच्या पहांटे हंटर विमानें आलीं. उघड्या वाळूंत, वरून आडोसा नाहीं, स्वतःच्या पक्षाचीं विमानें साह्यास नाहींत, अशा स्थितींत रणगाडे सांपडले. हंटरच्या तीस मिलिमीटरच्या चार तोफा व अग्निबाण यांपुढें रणगाड्याचा माथा, जेथें पोलाद सर्वांत पातळ असतें, तो टिकत नाहीं. एक हलकें ‘कृषक’ विमान वर फिरत राहून लक्ष्य दाखवीत होतें. कित्येक रणगाडे वाळूंत रुतले, कित्येकांचीं इंजिनें तापून बंद पडलीं. पुढील दोन-तीन दिवसांत हल्लेखोर फौज परत फिरली व मैदान आपल्या ताब्यांत राहिलें. पानिपतच्या उलट येथें मोजणारे आपण होतों.

या लढाईचें सर्वांत प्रसिद्ध चित्र विमानांतून घेतलेलें आहे. वाळूच्या पृष्ठावर रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा वेटोळीं घेत, एकमेकींस छेदीत गेल्या आहेत. विमान अंगावर येतांना रणगाडा नेम चुकविण्यासाठीं गरागरा वळला, त्याची ही वळणें. अस्सल कागद ओळखतांना आपण कागदाचा पोत, शाई व मोडीचें वळण पाहतों. तसेंच येथें वाळूकडे पाहावें. वाळूवरील खुणा वारा थोड्याच दिवसांत बुजवितो. तेव्हां हें चित्र लढाईच्या अगदीं लगतच्या वेळचें आहे, हें चित्राखालचा मजकूर न वाचतांही सिद्ध होतें. शिवाय तें विमानाच्या कामाचा भाग म्हणून घेतलें गेलें, कोणास दाखविण्यासाठीं नव्हे. आमच्या दृष्टीनें या लढाईच्या चित्रांत पहिला मान याचाच.

दुसऱ्या वर्गांत जमिनीवरून घेतलेलीं चित्रें येतात : थंड पडलेला टी-५९, त्यावर उभे असलेले जवान, चेहऱ्यावर हसूं. तीं वृत्तपत्रांतून छापलीं गेलीं, तीं लोकांना आवडलीं, आणि आवडावींतच. परंतु पुरावा म्हणून त्यांचा दर्जा खालचा आहे. तीं खोटीं आहेत म्हणून नव्हे, तर हा रणगाडा कोणीं मोडला हें त्यांवरून कळत नाहीं म्हणून. रणगाडा कसा संपला याची भाषा त्याच्या अंगावर लिहिलेली असते. १०६ मिलिमीटरच्या तोफेचा पोकळ दारूचा गोळा कुशींत लहानसें भोंक पाडून आंत जातो. विमानाच्या तोफेच्या खुणा वरच्या अंगास, एका ओळींत उमटतात. अग्निबाण लागून आंतील दारूगोळा उडाला तर बुरूजच निखळतो. झांकणें उघडीं असून आंत काजळी नसली तर माणसें रणगाडा सोडून निघून गेलीं असें समजावें. पट्टा उतरलेला, इंजिन रुतलेलें, तोफ शाबूत, असा रणगाडा मोडलेला नसून टाकलेला होय. हें सर्व पाहून, जागा व दिवस नोंदवून, हुलावरील क्रमांक वाचून लिहिलेली जी याद तीच खरी मोजदाद. जवान रणगाड्यावर चढून उभे राहिले कीं नेमकीं हींच स्थळें त्यांच्या पायांखालीं झांकलीं जातात!

आतां आंकड्यांकडे. मेजर चांदपुरी यांस महावीर चक्र मिळालें. त्याच्या प्रशस्तिपत्रांत, शत्रूला १२ रणगाडे मागें टाकून माघार घ्यावी लागली, अशा अर्थाचें विधान आहे. लढाईविषयींच्या इतर पुस्तकांतून ३४ पासून ३७ पर्यंत आंकडे आढळतात व त्यांपुढें ‘नष्ट अथवा सोडून दिलेले’ असे शब्द असतात. प्रतिपक्षाचे लेखक याहून निराळे आंकडे देतात. घाईचा वाचक म्हणेल कीं, यांपैकीं एक खरा व बाकीचे खोटे. जुनें दफ्तर वाचणारा असें म्हणणार नाहीं. पाडाव, मोडका, निकामी, जळालेला, टाकलेला, हे शब्द आपल्या कारकुनांनीं कधीं एकमेकांऐवजीं वापरले नाहींत, आणि वापरले तेथें हिशेब चुकला. बारा हा आंकडा कोणत्या दिवशींच्या, कोणत्या जागेच्या व कोणत्या शब्दाखालच्या रणगाड्यांचा, हें ठरल्यावांचून त्याची छत्तिसाशीं तुलनाच करतां येत नाहीं.

एकाच रणगाड्याची दोनदां, तीनदां गणना कशी होते, हेंही सांगितलें पाहिजे. पहाटे ठाण्यावरील तोफेनें एकाचा पट्टा तोडला. सकाळीं विमानानें तोच हेरून त्यावर बाण सोडले. दुपारीं दुसऱ्या विमानास तो धुराखालीं जिवंत वाटला व त्यानें पुन्हां मारा केला. तिघांनीं आपापल्या अहवालांत एकेक रणगाडा लिहिला. तिघेही खरें बोलतात, आणि तरी बेरीज खोटी येते. यांत नवल कांहींच नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, ऑगस्ट १९४४ मध्यें फ्रान्सांतील मोर्तें येथें जर्मन रणगाड्यांवर दोस्तांच्या विमानांनीं असाच मारा केला. वैमानिकांनीं दोनशेंहून अधिक रणगाडे व तत्सम वाहनें मोडल्याचें अगर निकामी केल्याचें सांगितलें. नंतर ब्रिटिशांचें तपासणी पथक शेतांतून पायीं हिंडलें, तेव्हां त्याला सांपडलेल्यांची संख्या पन्नासच्या आंत निघाली, आणि त्यांतही विमानाच्या हत्यारानें खात्रीनें मेलेले थोडेच. तरीसुद्धां हल्ला मोडण्यांत विमानांचा वाटा मोठा होता, हें तिकडच्या इतिहासकारांनीं नाकारलेलें नाहीं. कारण विमानें डोक्यावर असतां रणगाडे पुढें सरकूं शकले नाहींत व त्यांतील माणसें ते सोडून पळालीं. पोलादाला पडलेलीं भोंकें मोजतां येतात, मनाला पडलेलें भोंक मोजतां येत नाहीं.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत याच्या उलट अनुभव आला. तेथें जर्मन फौजेचीं दुरुस्ती-पथकें मैदान हातीं असेपर्यंत रात्रीं मोडके रणगाडे ओढून नेत व दुरुस्त करून पुन्हां लढाईंत आणीत. सायंकाळीं जो मेला म्हणून लिहिला तो आठवड्यानें समोर उभा! म्हणून तेथील नोंदींत, मैदान शेवटीं कोणाच्या हातीं राहिलें, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो. लोंगेवाला येथें ही अडचण नव्हती. मैदान आपलें राहिलें, आणि जे उरले ते सावकाश मोजतां आले. असें असूनही वाद झाला, तो संख्येवरून नव्हे. तो झाला श्रेयावरून.

हा वाद थोडक्यांतच सांगतों. रणगाडे मोडले ते ठाण्यावरच्या कंपनीनें कीं विमानांनीं, यावरून निवृत्त अधिकाऱ्यांत जाहीर चर्चा झाली. १९९७ सालीं निघालेल्या चित्रपटामुळें लोकांच्या मनांत कंपनीचें चित्र फार ठसलें, त्याची ती प्रतिक्रिया होती. आणि पुढें २००८ च्या सुमारास प्रकरण न्यायालयापर्यंतही गेलें. वादाला उतरलेली माणसें सगळीं त्या रणांगणाचीं किंवा त्याच्या आभाळाचीं प्रत्यक्षदर्शी होतीं. पण सांगत होतीं तीं काशीराजाप्रमाणें, दोन-तीन तपांनंतर.

आमचें मत असें. रणगाड्यांचा मोठा संहार विमानांनीं केला, हें उपलब्ध चित्रांशीं व हत्यारांच्या सामर्थ्याशीं जुळतें. एक-दोन धक्कारहित तोफा असलेल्या कंपनीनें अंधारांत फार रणगाडे मोडले असतील असें मानवत नाहीं. परंतु यावरून कंपनीचें महत्त्व कमी झालें असें जे म्हणतात ते मोजदादीला असा प्रश्न विचारतात ज्याचें उत्तर तिच्यापाशीं नाहीं. एकशेंवीस माणसें रात्रभर ठाणें सोडून गेलीं नाहींत, म्हणून रणगाडे पहांटेपर्यंत त्या जागीं अडकून राहिले, म्हणून विमानांना ते उघड्यावर सांपडले. या ‘राहण्या’ची नोंद कोणत्याही मोडक्या पोलादावर असणार नाहीं. ती ठाण्याच्या बिनतारी संदेशांत, त्यांवरील वेळांत व ब्रिगेडच्या युद्धरोजनिशींत शोधली पाहिजे. यादी ही यादीच्या प्रश्नापुरती साक्षीदार. तिला न्यायाधीशाच्या जागीं बसवूं नये.

आतां वस्तूंविषयीं. लोंगेवाला येथें व जेसलमेरच्या युद्धसंग्रहालयांत (हें २०१५ सालीं उघडलें) पाडाव रणगाडे मांडलेले आहेत. आमच्या महाराष्ट्रांत अशा वस्तूंचें मोठें ठिकाण म्हणजे अहिल्यानगर, अर्थात पूर्वीचें अहमदनगर. ज्या किल्ल्याच्या ताब्यावरून १७५९ सालीं उदगीरची मोहीम पेटली त्याच नगरांत चिलखती दळाची शाळा असून १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. देशोदेशींचे, दोन्ही महायुद्धांच्या काळापासूनचे रणगाडे व चिलखती गाड्या तेथें उभ्या आहेत. त्यांचे रंग पुनःपुन्हां दिले गेले आहेत, हें संग्रहालयाच्या दृष्टीनें योग्यच. नाहींतर गंज खाईल. पण संशोधकाच्या दृष्टीनें प्रत्येक नवा रंग म्हणजे ताम्रपटावर चढविलेला मुलामा होय. त्याखालीं हुलावर रंगविलेले मूळ क्रमांक, पलटणीचें चिन्ह, कधींकधीं कोणीं खडूनें लिहिलेलें नांव, हें सगळें बुजतें. रंग चढण्यापूर्वीचें छायाचित्र नसेल तर त्या वस्तूचें जन्मपत्र हरवलें असें समजावें.

जेथें जन्मपत्र टिकलें तेथें वस्तु कशी बोलूं लागते याचें एक उदाहरण याच नगरांत आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल हे ज्या सेंच्युरियन रणगाड्यांत मारले गेले त्याचें नांव ‘फामागुस्ता’ व क्रमांक जेएक्स २०२. अरुण यांचा जन्म पुण्याचा, १९५० सालचा; परमवीर चक्र त्यांस मरणोत्तर मिळालें. ही लढाई वाळवंटांतील नव्हे, तरी रणगाड्याच्या अभ्यासास ती उपयोगी आहे. क्रमांक व नांव नोंदलेलें असल्यामुळें तो रणगाडा दुरुस्त होऊन आज अहिल्यानगरास जतन केलेला आहे, आणि तो कोणाचा, हें सांगतां येतें. त्याच दिवशीं त्याच मैदानांत मोडलेल्या दुसऱ्या कितीतरी रणगाड्यांना नांव नाहीं. नांव नसलेलें पोलाद शेवटीं मोडींत जातें.

कागदांची स्थिति वस्तूंपेक्षां थोडी बरी, पण समाधानकारक नव्हे. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानें १९७१ च्या युद्धाचा सरकारी इतिहास तयार केला, तो १९९२ सालचा. तो बरींच वर्षें बंद राहिला व २००० सालीं एका वृत्तपत्रानें तो लोकांपुढें आणला. २०२१ सालीं मंत्रालयानें असें धोरण जाहीर केलें कीं, युद्धाचे अभिलेख सामान्यतः पंचवीस वर्षांनीं खुले व्हावेत व ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावेत. धोरण उत्तम. त्याप्रमाणें लोंगेवालाचे संदेश, विमानदळाच्या तोफेसोबतच्या चित्रफिती व रणांगणाच्या पाहणीच्या याद्या एकत्र मांडून, क्रमांकाला क्रमांक जुळवून, रणगाडावार तक्ता कोणीं तरी करावयास हवा. राजवाडे यांनीं १८९८ सालीं पानिपतच्या पत्रांचा पहिला खंड छापला तेव्हां पानिपतास एकशेंसदतीस वर्षें होऊन गेलीं होतीं. तितकें थांबण्याचें आतां कारण नाहीं. मात्र त्या युद्धांत जो विशीचा शिपाई होता तो आज सत्तरीपलीकडे आहे, आणि मेजर चांदपुरी हे नोव्हेंबर २०१८ मध्यें वारले.

सरकारी दफ्तराबाहेरचेही कागद आहेत, आणि ते आमच्या वाचकांच्या टप्प्यांत आहेत. मराठवाड्याच्या भूमीनें रणगाडे पाहिले ते सप्टेंबर १९४८ मध्यें, हिंदी फौज सोलापुरावरून नळदुर्गाच्या वाटेनें निजामाच्या राज्यांत शिरली तेव्हां. पुढच्या पिढींत येथलीं मुलेंही फौजेंत गेलीं. लोहा, कंधार, उदगीर, अहमदपूर या भागांतल्या शिपायांच्या घरीं ट्रंकेंत मेडलें, सेवापुस्तक व चार-दोन छायाचित्रें असतात. त्यांतच एखाद्या मोडक्या रणगाड्यासमोर उभे असलेले जवान दिसावेत, यांत अशक्य कांहीं नाहीं. जुन्या चोपड्या जमविणारे आमचे मित्र पेशवाईच्या रुमालांसाठीं गांवोगांव फिरतात. त्याच घराच्या दुसऱ्या कोनाड्यांतील हें पुडकें ते ‘अर्वाचीन’ म्हणून बाजूला ठेवतात. तें तसें ठेवूं नये.

अशीं चित्रें हातीं आलीं असतां पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें. चित्राची पाठ प्रथम पाहावी. तेथें तारीख, छापणाऱ्याचा शिक्का, किंवा शिपायानें घरीं पाठवितांना लिहिलेली ओळ असते, आणि पुष्कळदां तीच चित्राहून अधिक मोलाची निघते. चित्र वहींत डिंकानें चिकटविलें असल्यास तें ओढून काढूं नये. बरोबर पत्र असेल तर पाकिटावरील ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ हा शिक्का गांवाचा नव्हे; तो फौजी टपालाचा आहे. त्यावरून स्थळ ठरवूं नये, स्थळ पलटणीच्या नांवावरून काढावें. रणगाड्याच्या हुलावर किंवा बुरुजावर आंकडे दिसत असतील तर ते भिंगानें वाचून, जसेच्या तसे, संशय असेल तेथें प्रश्नचिन्ह घालून उतरून घ्यावेत. तर्कानें पुरे करूं नयेत. चित्रांतील माणसांचीं नांवें घरांतील वडीलधाऱ्यांस आतांच विचारावींत व उत्तर देणाऱ्याचें नातें आणि विचारल्याची तारीख खालीं लिहावी. मूळ चित्र ज्याचें त्याच्याच घरीं राहावें. मंडळाकडे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंची नक्कल पुरे आहे.